विटेचा हिशोब



दिवाळी सरली, भातकापणी उरकली आणि तुळशीचे लग्न लागले की आमच्या खडवलीच्या बाजूला घरे बांधायला सुरुवात होते. पावसाळ्यात इथे बांधकामाचे नाव काढता येत नाही. भातसा नदी दुथडी भरून वाहते, माती भिजून लोण्यासारखी होते, पाया खणावा तर खड्ड्यात पाणी उभे राहते. चातुर्मासात भूमिपूजन करीत नाहीत ही रूढी खरीच, पण तिच्यामागे शेतकऱ्याचे शहाणपणही आहे. कार्तिकात जमीन आवळते, विहिरींना पाणी असते, शेतीतून माणसे मोकळी होतात. थंडीत सिमेंटचे काम सावकाश सुकते, त्यामुळे भिंतींना तडे कमी जातात. मृग लागायच्या आत डोक्यावर छप्पर आले पाहिजे, एवढ्या एका ध्यासावर सगळे चालते. कसारा लोकलच्या खिडकीतून टिटवाळा ते वासिंद पाहत गेलात तर हिवाळाभर दोन गोष्टी दिसतील: नव्या घरांची जोती आणि वीटभट्ट्यांचा धूर. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मी साठ वर्षे इथे राहून पाहिले नव्हते. स्वतःचे घर बांधले तेव्हा पाहावे लागले. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न साधा आहे. घर बांधून झाले, गवंड्याचे, सुताराचे, विटांचे, रेतीचे सगळे पैसे दिले, कुणाची एक पै ठेवली नाही. मग आपले देणे फिटले का?

२०२१ साली आषाढी एकादशी २० जुलैला होती. दुसऱ्याच रात्री आमच्या भागात असा पाऊस कोसळला की कसारा-उंबरमाळीकडे रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले. आमचे जुने घर कुडाच्या आणि मातीच्या भिंतींचे. मागची भिंत रात्री दोनच्या सुमारास बसली. पांडुरंगाच्या कृपेने त्या खोलीत कुणी नव्हते. पहाटे आम्ही देवांची पेटी, वीणा आणि गाथा डोक्यावर घेऊन पुतण्याच्या घरी गेलो. त्याच दिवशी ठरले, येत्या हिवाळ्यात पक्के घर.

मी तीस वर्षे कल्याणला एका कचेरीत हिशोबाच्या टेबलावर काढली. पैसा कुठे वाचतो ते मला कळते. ओळखीचे एक वीटभट्टीवाले आहेत, स्वतः माळकरी, सप्ताहाला सढळ हाताने देणारे. मी श्रावणातच त्यांच्याकडे गेलो. भर पावसात विटांना गिऱ्हाईक नसते, भट्टीवाल्याला मात्र रोकड हवी असते, हे मला ठाऊक होते. पुढच्या मोसमातल्या बारा हजार विटांचे सगळे पैसे आगाऊ मोजले आणि हजारामागे चांगली सूट मिळवली. घरी येऊन बायकोला म्हटले, "आज एका दिवसात पत्र्याचे पैसे सुटले." त्या व्यवहारात खोटे काही नव्हते. दोघांनी राजीखुशीने केला. हातात हात देऊन 'रामकृष्णहरी' म्हणून उठलो.

कोरोनामुळे आदल्या वर्षी वाऱ्या थांबल्या होत्या. त्या कार्तिकात वाट पुन्हा मोकळी झाली. आमच्या बाजूचे पुष्कळ वारकरी कार्तिकात आळंदीला जातात. मी तुळशीच्या लग्नानंतर भूमिपूजन केले, काळ्या दगडाचा पाया धरला आणि कामावर पुतण्याला उभे करून आळंदीला गेलो. माउलींच्या समाधीला त्या वर्षी ७२५ वर्षे होत होती. वद्य एकादशी ३० नोव्हेंबरला झाली आणि दुसऱ्या दिवशी, १ डिसेंबरला, अवकाळी पाऊस लागला. मुंबईपासून पुण्यापर्यंत सगळीकडे तोच. आम्ही एका ओसरीत टाळ पोटाशी धरून कुडकुडत बसलो होतो. मी तिथून घरी फोन केला आणि पहिले विचारले, "सिमेंटच्या गोण्या झाकल्या ना?" पुतण्या म्हणाला, झाकल्या. मला बरे वाटले. मी पुन्हा भजनाला बसलो.

त्या फोनची आठवण पुढे मला फार झाली.

पौषात भट्टी लागली आणि माघात पक्क्या विटा आमच्या अंगणात येऊन पडल्या. रचता रचता गवंडी एक वीट घेऊन आला. म्हणाला, "बुवा, ही बाजूला ठेवतो. खोल उमटलंय, दर्शनी भिंतीत बरी दिसणार नाही." विटेवर एका लहान मुलाचे पाऊल होते. पाच बोटे, टाच, सगळे स्वच्छ. ओल्या विटेवरून चालत गेलेले लेकरू, वर्ष-दीड वर्षाचे असेल. अशा विटा निघतात. कधी कुत्र्याचा पंजा असतो, कधी कोंबडीचा.

मी ती वीट हातात घेतली आणि मला भरून आले. वारकऱ्याच्या घरी वीट यावी आणि तिच्यावर पाऊल असावे! मी ती धुऊन देवघरात ठेवली, बुक्का लावला. बातमी गावात पसरली. दर्शनाला माणसे आली. भजनी मंडळींतले एकजण म्हणाले, प्रत्यक्ष बाळकृष्णाचे पाऊल उमटले. मीही मान डोलावली.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "पाऊल पाहून एक विचारू का? विटा कधी पाडतात?"

म्हटले, "मध्यरात्रीनंतर उठून पहाटेपर्यंत. नंतर ऊन लागलं की वीट तडकते."

"मग एवढ्या थंडीत, एवढ्या रात्री, ते लेकरू त्या चिखलात कशाला होतं?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर अवघड नव्हते, पण ते मी कधी मनात येऊ दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे चारला उठलो, स्नान केले आणि हरिपाठ म्हणत चालत भट्टीवर गेलो. नदीकडून धुके येत होते. दोन-तीन बल्ब लोंबत होते. पुरुष आदल्या संध्याकाळी कालवून ठेवलेला गारा फावड्याने ओढत होते. मातीत भाताचा तूस मिसळलेला असतो, तो अंगाला चिकटून बसतो. बाया उकिडव्या बसून साचा भरीत, वरून हात फिरवीत, पालथा घालीत, पुन्हा भरीत. ओळीच्या ओळी पुढे सरकत होत्या. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आदल्या दिवशीच्या विटा वाळण्यासाठी फिरवून उभ्या करीत होती. आणि ओळींच्या कडेला, गोणपाटावर, गोधडीत गुंडाळलेली दोन मुले झोपली होती. झोपडीत एकटे ठेवले तर साप-विंचवाचे भय आणि थंडी, म्हणून आई जिथे तिथे मूल. मूल मध्येच उठते, आईकडे जायला निघते, वाटेत ओल्या विटा असतात. एवढेच ते पाऊल होते.

माझ्या वयाची एक बाई होती. सगळे तिला आजी म्हणत होते. कातकरी कुटुंब, मूळ शहापूरच्या बाजूचे. एके काळी खैराच्या झाडापासून कात काढणारा हा समाज. रान हातचे गेले, कात गेला, नाव तेवढे राहिले. तिने मला बसायला पाटी पालथी घालून दिली. मी म्हटले, "आजी, तुमच्या विटा माझ्या घरी आल्यात."

"कोणतं घर तुमचं दादा?"

मी सांगितले. ती हसली. म्हणाली, "मग बरं झालं. आमाला कदी कळत नाय, वीट कुठं जाती ती."

मी विचारले, डिसेंबरात पाऊस आला तेव्हा काय केले? ती म्हणाली, "काय करनार? रात्रभर परात, कांबळं, जे मिळंल ते वर घातलं. सकाळी बगितलं तं सगळी वीट पुन्ना माती. पाच दिसांची मेहनत."

"त्याचे पैसे?"

"मोडक्या विटेचे कोन देतो दादा? मोजायला वीट पायजे ना."

त्या रात्री मी आळंदीत बसून सिमेंटच्या गोण्यांची चौकशी केली होती. वाहून गेल्या त्या विटा माझ्याच घराच्या होत्या, कारण त्या मोसमातले पहिले बारा हजार माझ्या नावावर होते. आणि नुकसान माझे झाले नाही. भट्टीवाल्याचे थोडे झाले. बाकी सगळे या बाईचे झाले.

मग हळूहळू बाकीचे कळले. गणपतीच्या सुमारास घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाला उचल देतो. उचल घेतली की मोसमभर त्याच भट्टीवर काम. दर आठवड्याला खर्ची मिळते, मीठ-मिरची-तांदळापुरती. हजार विटांमागे जो दर असेल त्यातून उचल आणि खर्ची वजा होते आणि पावसाच्या तोंडावर हिशोब होतो. हिशोबाला पैसे उरले तर मिळतात. अंगावर राहिले तर पुढच्या वर्षी फेडायला पुन्हा तिथेच. आजीच्या अंगावर तीन वर्षे काही ना काही राहत आले होते.

आपल्यापैकी काहींना हे ठाऊक असेल. १९७६ साली संसदेने वेठबिगारी नष्ट करणारा कायदा केला. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे गुन्हा आहे. वसईच्या बाजूला विवेक पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच वेठबिगारांना मोकळे करण्याचे काम केले आणि विधायक संसदेने भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. वाचून पान उलटले होते. आपल्या अंगणातल्या विटेशी त्याचा संबंध असेल असे वाटले नव्हते.

मी तडक भट्टीवाल्याकडे गेलो. थोडा रागातच गेलो. माळकरी माणूस असून असे करता, असे काहीसे बोलून गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "बुवा, श्रावणात तुम्ही मला पैसे दिलेत. त्यांचं मी काय केलं असेल? तिजोरीत ठेवले? ही माणसं गणपतीत माझ्या दारात आली. तुमच्याच पैशातून मी त्यांना उचल दिली. आणि हजारामागे अजून कमी करा म्हणून तुम्ही याच खुर्चीवर तासभर बसला होता. तो कमी केलेला दर मी कुठून काढायचा? कोळसा मला कोणी स्वस्त देत नाही."

माउली, मी निरुत्तर झालो. त्यांचे सगळे म्हणणे बरोबर होते असे नाही. पण माझ्याबद्दलचे बरोबर होते. आजीला बांधणारी दोरी त्यांच्या हातात होती, पण वळली होती माझ्या पैशाने. ज्या बचतीवर मी खुश होतो ती बचत त्या पहाटेच्या गाऱ्यातून आली होती.

त्यानंतर कित्येक दिवस मी नेमाला बसलो की मन तिथे जाई. आपल्या संप्रदायाची भाषा पाहा. पाया, पायरी, कळस, महाद्वार, वीट. सगळी बांधकामाची. आपला देव सिंहासनावर नाही, विटेवर उभा आहे. आणि ती वीट तरी कशी आली? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. देव दाराशी आला तरी त्याने सेवा सोडली नाही. हाताशी होती ती वीट मागे सरकवली आणि म्हणाला, थोडा थांब. देव थांबला, अजून थांबला आहे. म्हणजे त्या विटेला जे मोल आले ते सेवेमुळे. ज्यांनी आपल्याला वाढवले त्यांचे ऋण फेडण्यात एक माणूस गुंतला होता, म्हणून ती वीट देवाला उभे राहण्याजोगी झाली. माझी वीट कोणाचे ऋण फेडताना आली होती? ती तर दुसऱ्याच्या अंगावर ऋण चढवून आली होती.

चोखोबा आठवले. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामावर होते. शके १२६० मध्ये, म्हणजे इसवी सन १३३८ साली, ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. नामदेवराय तिथे गेले, अस्थी शोधल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या घेऊन पंढरीला आले आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आपण कीर्तनात अस्थींतल्या नामाचा महिमा सांगतो, तो सांगितलाच पाहिजे. पण मला आता त्यातले दुसरे काही दिसू लागले. भिंत पडली तेव्हा गावाने नवी भिंत बांधली असेल आणि विषय संपवला असेल. नामदेवराय मात्र ढिगाऱ्यापाशी जाऊन बसले. भिंत बांधणारा कोण होता, ते त्यांनी शोधले. नाम ऐकू येण्याआधी त्यांना ते कान लावून बसणे करावे लागले.

गोरोबाकाकांची कथा तर आपल्याला पाठ आहे. चिखल तुडवताना भजनात देहभान हरपले आणि रांगत आलेले लेकरू पायाखाली गेले. ती कथा आपण तन्मयतेसाठी सांगतो. पण भट्टीवर गोधडीतली ती दोन मुले पाहिल्यापासून मी ती कथा पूर्वीसारखी ऐकू शकत नाही. देवाने ते लेकरू परत दिले, म्हणून ती कथा आपल्याला सोसते. आज जे लेकरू गाऱ्याच्या कडेला झोपलेले आहे त्याची काळजी आपण भजनात रंगून विसरलो, तर ती तन्मयता म्हणायची की डोळेझाक?

आणि तुकोबाराय. त्यांच्या घराण्यात सावकारी होती. दुष्काळाने लोक नागवले गेले, तेव्हा त्यांनी कर्जाची खते काढली. निम्मी भावाला दिली, त्याच्यावर सक्ती केली नाही. आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली. या प्रसंगाला आपण वैराग्य म्हणतो. पण ज्यांची ती खते होती त्या कुळांच्या घरी त्या संध्याकाळी काय झाले असेल? त्यांच्यासाठी ते वैराग्य नव्हते, ती सुटका होती. तुकोबांनी त्यांना दान दिले नाही. त्यांच्या मानेवरचा पाय काढून घेतला.

इथे मला दान आणि देणे यांतला फरक कळला. सप्ताहात मी अन्नदान करतो, वारीत औषधे वाटतो. ते मी माझ्या मर्जीने देतो. दिले तर पुण्य, न दिले तर कोणी विचारणार नाही. देणे तसे नसते. ते आधीच दुसऱ्याचे असते, चुकून माझ्या खिशात राहिलेले असते. मी आयुष्यभर दान करीत आलो आणि देणे तसेच ठेवले.

हे मी मंडळींत बोललो तेव्हा तीन आक्षेप आले. आपल्याही मनात येतील.

पहिला असा की, मग वापरायचे तरी काय? साखरेमागे ऊसतोड कामगार आहे, कपड्यामागे कोणी आहे, प्रत्येक घासामागे कोणाचा तरी घाम आहे. इतके शोधत बसलो तर जगणे कठीण. खरे आहे. सगळ्या जगाचा हिशोब कोणा एकाला मांडता येणार नाही. पण जे कळले ते कळले. पाऊल माझ्या देवघरात आले होते. न कळलेल्याचा दोष देव ठेवणार नाही अशी माझी श्रद्धा आहे, पण कळूनही पान उलटले तर काय सांगू?

दुसरा आक्षेप प्रारब्धाचा. ज्याचे त्याचे भोग. माउली, प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुःखाला लावण्यासाठी आहे. आपली भिंत पडली की म्हणावे, भोग होता, सरला. दुसऱ्याची वीट वाहून गेली की तोच शब्द वापरणे म्हणजे शास्त्राच्या आड लपणे आहे.

तिसरा आक्षेप आमच्या विणेकरी बाबांनी घेतला आणि तो मला सर्वांत जड गेला. ते म्हणाले, "तू प्रपंचात गुरफटतोयस. वारकऱ्याचं काम नाम घेणं. बाकी तो बघून घेईल." मी त्यांच्या पाया पडलो. म्हटले, बाबा, नाम सोडत नाही. पण तो जनाबाईबरोबर दळायला बसला, तिच्याबरोबर गोवऱ्या वेचायला गेला असे आपणच सांगतो. तो बघून घेतो ते असे, कामाच्या जागी येऊन. मग त्याचे नाम घेणाऱ्याने भट्टीवर जाऊ नये, असे कसे? बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जा. पण टाळ वाजवत जाऊ नकोस." त्याचा अर्थ मला समजला. गाजावाजा नको.

मी आजीकडे पुन्हा गेलो. तुमच्या अंगावरचे किती ते सांगा, मी देतो, असे म्हणालो. वाटले होते तिला आनंद होईल. ती म्हणाली, "पैशे देशीला तं आज फिटंल, पुन्ना चढंल. दादा, तुमाला वही वाचता येती ना? हिशोबाच्या दिशी येशीला का? मालक वाचतो, आमी हं म्हनतो. खरं का खोटं, आमाला काय कळतं?"

तीस वर्षे मी हिशोब वाचण्याचा पगार घेतला. माझ्याजवळ जे एकच कसब आहे तेच नेमके तिने मागितले.

अक्षय्य तृतीयेला, ३ मे २०२२ रोजी, आमची वास्तुशांत झाली. गवंड्याला, सुताराला टोपी-टॉवेल, साडी-चोळी देण्याची आपल्याकडे रीत आहे. वीट पाडणाऱ्याला कोणी बोलावत नाही, कारण तो दिसत नाही. बायकोने स्वतः भट्टीवर जाऊन सांगितले. ती सगळी संध्याकाळी काम उरकून आली. त्यांची पंगत आम्ही ओसरीवर नाही, आत बसवली. एका नातलगाने नाक मुरडले, ते मी पाहिले. पंगतीत बसल्यावर आजी जेवायच्या आधी भिंतीवर हात फिरवत राहिली. गिलावा झालेला होता, वीट दिसत नव्हती. म्हणाली, "हितं हाय ना आत?" मी म्हटले, आहे.

मे महिन्याच्या शेवटी हिशोब झाला. मी आणि मंडळींतले आणखी दोघे भट्टीवर जाऊन बसलो. भट्टीवाल्यांना आधी सांगून गेलो होतो. त्यांना आवडले नाही, पण त्यांनी वही पुढे केली. मी प्रत्येक नोंद मोठ्याने वाचली. दोन आठवड्यांची खर्ची दोनदा लागली होती. मुद्दाम असेल, चुकून असेल, मला माहीत नाही. त्यांनी ती लगेच खोडली. अवकाळीत गेलेल्या विटांवर बरीच घासाघीस झाली. शेवटी निम्मे धरायचे ठरले. मी दरात जेवढी सूट घेतली होती तेवढी रक्कम बरोबर नेली होती. ती मी भट्टीवाल्यांच्या हातात दिली आणि म्हटले, हे आजीच्या खात्यावर जमा करा. हे दान नाही, तुमच्या वहीत माझ्याकडून आलेली बाकी म्हणून लिहा. त्यांनी तसे लिहिले. आजीच्या खात्याखाली शून्य आले. तिने शून्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय हाय?" मी म्हटले, "हे म्हणजे कुणाचं काही नाही."

यात कसलाही चमत्कार नाही. त्या वर्षीही पाऊस आला, दाणे संपले आणि गणपतीत त्या कुटुंबाने पुन्हा उचल घेतली. मला वाईट वाटले, सगळे वाया गेले असे वाटले. नंतर आजी भेटली तेव्हा म्हणाली, "औंदा कुनाकडं जायाचं ते आमी ठरवलं. दोन ठिकानी इचारून मंग घेतली." चार वर्षांत पहिल्यांदा तिला निवड करता आली होती. एवढेच माझ्या हातून झाले. भट्टीवाल्यांशी संबंध तुटले नाहीत. ते सप्ताहाला येतात, थोडे कमी बोलतात. पुढच्या मोसमात त्यांनी कच्च्या विटांसाठी ताडपत्री आणली, तिचे निम्मे पैसे आमच्या मंडळींनी घातले.

आता आमच्या भजनी मंडळात ज्याला घर बांधायचे असते तो विचारतो, बुवा, विटा स्वस्त कुठे मिळतील? मी सांगतो, आगाऊ पैसे द्यायचे तर द्या, पण त्याच्यावर सूट मागू नका. घेणाराला अडचण आहे म्हणून दर पाडू नका. भट्टीवर एकदा पहाटे जाऊन या. आणि हिशोबाच्या दिवशी कोणी वाचणारा नसेल तर मला हाक मारा. काही जण ऐकतात, काही हसतात.

देवघरात ती वीट अजून आहे. तिच्यावर विठ्ठलाची मूर्ती ठेवा, शोभेल, असे अनेकांनी सुचवले. मलाही मोह झाला होता. पण मूर्ती ठेवली तर पाऊल झाकले जाईल, म्हणून बायकोने ती मूर्तीच्या शेजारी ठेवली आहे. रोज पहाटे मूर्तीला तुळस वाहतो, मग तिच्याकडे पाहतो, आणि हरिपाठाला बसतो.